फॉरमॅट मारूनही परत येतो तेव्हा

दुरुस्तीला येणाऱ्या घरगुती कॉम्प्युटरची तक्रार पुष्कळदा एकाच वाक्यात असते : "दादा, परवाच फॉरमॅट मारून घेतला, तरी व्हायरस पुन्हा आला." ऐकणाऱ्याला वाटतं, व्हायरस भलताच जबरदस्त दिसतोय. मला आधी त्या वाक्यातला फॉरमॅट तपासावासा वाटतो. बहुतेक वेळा तो फक्त सी ड्राइव्हचा असतो. डी आणि ईला कुणी हात लावलेला नसतो, कारण तिथे लग्नाचे फोटो असतात, सोसायटीचे हिशेब असतात, मुलीची प्रोजेक्टं असतात. गाद्या उन्हात टाकल्या आणि खाटेच्या सांध्यांत पाहिलंच नाही, तर ढेकूण जातील कसे?

व्हायरस चिवट असतो म्हणजे तो कुठेतरी राहत असतो. ती जागा सापडेपर्यंत साफसफाई कितीही करा, फुकट.

०

सॅलिटी हे या जातीचं जुनं उदाहरण. २००३ पासून तो माहीत आहे. तो नुसता वेगळी फाइल बनून बसत नाही, डिस्कवरच्या एक्झी आणि स्क्रीनसेव्हरच्या फायलींना स्वतःला जोडून घेतो, आणि दर नव्या फाइलीत रूप बदलतो. त्यामुळे एका नमुन्यावरून दुसरा ओळखणं अवघड जातं.

आता घरातल्या डी ड्राइव्हमध्ये काय असतं ते बघा. ‘सॉफ्टवेअर’ नावाचं एक फोल्डर हमखास असतं. त्यात प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी फाँटचं सेटअप, व्हीएलसी, विनरार. कुणीतरी एकदा मेहनतीने गोळा केलेलं. विंडोज नवी टाकली की माणूस पहिलं काम करतो ते प्रिंटर चालू करण्याचं. त्या फोल्डरमधल्या सेटअपवर डबल क्लिक करतो. प्रिंटर लागतो, आणि त्याच क्लिकने सॅलिटीही पुन्हा सीवर येतो. माणसाला शंकाही येत नाही, कारण ती फाइल त्याच्याच ओळखीची असते, वर्षानुवर्षं वापरलेली.

अशा फाइलीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जावं. मोठ्या कंपनीच्या सेटअपला सहसा ‘डिजिटल सिग्नेचर्स’चा टॅब असतो. तिथे सही वैध नाही असा शेरा दिसला तर कंपनीने सही केल्यानंतर फाइल कुणीतरी बदललेली आहे. ती उडवावी, आणि कंपनीच्या साइटवरून नवी घ्यावी. ‘सॉफ्टवेअर’ हे अख्खं फोल्डर जपून ठेवण्यासारखं नसतं. फोटो पुन्हा काढता येत नाहीत, ड्रायव्हर पुन्हा मिळतो.

०

लागण झालेल्या मशीनची साक्ष खरी मानू नये. या धंद्यात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट.

टास्क मॅनेजर उघडायला जावं तर संदेश येतो की ॲडमिनिस्ट्रेटरने तो बंद केला आहे. घरात ॲडमिनिस्ट्रेटर कोण? समोर बसलेला माणूसच, आणि त्याने तर काहीच बंद केलेलं नसतं. रजिस्ट्री एडिटर उघडत नाही. सेफ मोडमध्ये जायला निघावं तर निळा स्क्रीन, कारण सेफ मोडला लागणाऱ्या रजिस्ट्रीतल्या नोंदीच सॅलिटीने पुसलेल्या असतात. हिडन फायली दाखवा म्हणून खूण करावी, ओके म्हणावं, आणि पुन्हा उघडून बघावं तर खूण गेलेली.

२००८ च्या नोव्हेंबरात कॉनफिकर पसरला. त्याला लागणारी विंडोजमधली भेग बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबरमध्येच दिलं होतं, पण ते न घेतलेली मशीन जगभर पडून होती. कॉनफिकर आला की बातम्यांची पानं उघडायची, मेल उघडायचा, फक्त अँटिव्हायरस कंपन्यांच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइट उघडत नसत. लोक नेट स्लो आहे म्हणून केबलवाल्याला फोन करत. खरं तर हे लक्षण अगदी नेमकं आहे, आजही. बाकी सगळं उघडतं आणि औषधाचंच पान उघडत नाही, तर निदान जवळजवळ झालंच.

आणखी एक दाखला व्हायरसचा नाही, तरी इथलाच आहे. २००५ मध्ये विंडोजचे जाणकार मार्क रुसिनोविच यांना स्वतःच्या मशीनवर एक लपलेला प्रोग्रॅम सापडला. तो सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीतून आला होता, गाण्यांच्या नकला होऊ नयेत म्हणून बसवलेला. ठरावीक अक्षरांनी सुरू होणाऱ्या कुठल्याही फाइलीचं नाव तो विंडोजला दिसूच देत नसे. फोल्डर उघडलं तर रिकामं. इतका जाणकार माणूस, पण फोल्डर रिकामं दिसलं म्हणून त्यात काही नाही असं त्यांनी धरलं नाही. विंडोजला वरवर जे दिसतं आणि डिस्कवर खाली जे लिहिलेलं आहे, ते दोन्ही त्यांनी ताडून पाहिलं. लपवाछपवी तिथे उघडी पडली.

म्हणून तपासणी बाहेरून करावी. दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर रेस्क्यू डिस्कचा पेन ड्राइव्ह बनवावा आणि आजारी मशीन त्यावरून सुरू करावं. विंडोज चालूच होत नाही, त्यामुळे व्हायरसही झोपलेला असतो. कॅस्परस्की, डॉक्टर वेब यांच्या अशा डिस्का फुकट मिळतात. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडरचा ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे, तोही मशीन रीस्टार्ट करून, विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासतो. घरच्यांना त्याची माहितीच नसते. किंवा सरळ हार्ड डिस्क काढावी आणि दुसऱ्या मशीनला लावून स्कॅन करावी. मात्र त्यातली कुठलीही फाइल उघडायची नाही.

०

क्रम. आधी नेटची केबल काढायची, वायफाय बंद. मग डेटा. साफसफाई सगळ्यांत शेवटी.

हा क्रम लोक उलटा करतात. मशीन बिघडलं की पहिल्यांदा ‘काहीतरी करून घालवा’ असं होतं, आणि त्या घाईत अँटिव्हायरस जे जे सापडेल ते डिलीट करत सुटतो. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून फोटो, व्हिडिओ, वर्ड-एक्सेलच्या फायली, पीडीएफ वेगळ्या डिस्कवर काढून घ्याव्यात. एक्झी घ्यायची नाही. स्क्रीनसेव्हर नाही. मॅक्रो असलेल्या एक्सेल शीट बाजूला ठेवून वेगळ्या तपासाव्यात. रॅमनिट आणि व्हिरुटसारखे व्हायरस वेबपानाच्या एचटीएमएल फायलींतही शिरतात, तेव्हा सेव्ह करून ठेवलेली पानंही सोडून द्यावीत.

०

शॉर्टकटवाला व्हायरस. झेरॉक्सच्या दुकानातून, कॉलेजच्या लॅबमधून, ई-सेवा केंद्रातून पेन ड्राइव्ह घरी आला की पुष्कळदा हा बरोबर येतो. ड्राइव्ह उघडला की फोल्डर आहेत तिथेच दिसतात, फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक बाण. ते फोल्डर नसतातच, शॉर्टकट असतात. खरे फोल्डर तिथेच, पण हिडन आणि सिस्टिम अशा दोन्ही खुणा लावून लपवलेले. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी एक स्क्रिप्ट चालते आणि मग खरा फोल्डर उघडतो, म्हणजे वापरणाऱ्याला सगळं ठीकच वाटतं.

ही युक्ती का आली तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. पूर्वी पेन ड्राइव्ह नुसता लावला तरी ऑटोरनने व्हायरस आपोआप चालत असे. विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी ती सोय बंद झाली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही अपडेटमधून बंद करण्यात आली. आपोआप चालणं थांबलं, तेव्हा माणसाकडून क्लिक करवून घेणं सुरू झालं.

उपाय तसा सोपा. टास्क मॅनेजरमध्ये ‘डब्ल्यूस्क्रिप्ट’ चालू असेल तर ते बंद करायचं. स्टार्टअपच्या यादीत व्हीबीएस फाइल असेल ती काढायची. पेन ड्राइव्हवरचे शॉर्टकट उडवायचे. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ॲट्रिब’ वापरून हिडन, सिस्टिम आणि रीड-ओन्ली या तिन्ही खुणा काढायच्या. फोल्डर परत दिसतात. पेन ड्राइव्ह फॉरमॅट करायची काहीच गरज नसते, आणि दुकानदार तसं सांगत असेल तर ऐकू नये. आतल्या डेटाचं एक अक्षरही गेलेलं नसतं.

०

टास्क मॅनेजरमधून प्रोसेस बंद केली की दोन सेकंदांत परत येते, अशी तक्रार. बहुधा दोन प्रोसेस असतात, एकमेकींवर लक्ष ठेवणाऱ्या. एक मेली की दुसरी तिला उठवते. इथे मारण्याची घाई करू नये. ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ घ्यावं, दोन्ही प्रोसेस आधी सस्पेंड कराव्यात. सस्पेंड झालेली प्रोसेस जिवंतच असते, त्यामुळे जोडीदाराला काही कळत नाही. दोन्ही गोठल्या की एकेक मारावी, आणि लगेच त्यांच्या फायली उडवाव्यात. ही रीतही रुसिनोविच यांचीच, आणि ते साधनही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट आहे.

त्यांच्याच साधनांच्या संचात ‘ऑटोरन्स’ही आहे. विंडोज सुरू होताना काय काय आपोआप चालतं, त्या सगळ्या जागा ते एका खिडकीत दाखवतं : रजिस्ट्रीतल्या रनच्या नोंदी, स्टार्टअप फोल्डर, सर्व्हिसेस, ड्रायव्हर, टास्क शेड्युलर, डब्ल्यूएमआय. मायक्रोसॉफ्टच्या सहीच्या नोंदी लपवण्याची सोय त्यात आहे. ती वापरली की यादी आटोपशीर होते, आणि परक्या नोंदी नजरेत भरतात. ॲपडेटा किंवा टेम्पमधून चालणारी, अर्थहीन अक्षरांच्या नावाची, कुणाचीच सही नसलेली नोंद असेल तर तिथे थांबावं. आधी टिक काढून ठेवावी, लगेच डिलीट करू नये. चुकीची निघाली तर परत लावता येते.

डिफेंडरच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ अशी एक यादी असते, म्हणजे ज्या फोल्डरकडे बघायचं नाही ते फोल्डर. पुष्कळ व्हायरस स्वतःचं फोल्डर तिथे घालून ठेवतात. घरच्या मशीनवर ही यादी रिकामीच असायला हवी. होस्ट्स फाइलीत आणि प्रॉक्सीत परक्या नोंदी नाहीत ना, ते बघावं. राउटरचा पासवर्ड कंपनीने दिला होता तोच असेल तर राउटरमधला डीएनएसही बघावा, कारण तो बदललेला असेल तर कॉम्प्युटर कितीही स्वच्छ केला तरी घरातल्या सगळ्या फोनवरसुद्धा भलतीच पानं उघडत राहतात.

०

दोन अँटिव्हायरस एकत्र टाकू नयेत. दोघंही प्रत्येक फाइल एकाच वेळी धरायला बघतात, मशीन हँग होतं, आणि संरक्षण दुप्पट होत नाही.

०

एक निवृत्त शिक्षक आले होते. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यात त्यांनी निवृत्तीनंतरची वर्षं घातली होती. रेकॉर्डिंगच्या एमपी३ फायली, आणि त्या ऐकून वर्डमध्ये टाइप केलेली पानं. सगळं एकाच कॉम्प्युटरवर. नातवाने एका गेमचा क्रॅक उतरवला होता. तो झिप केलेला, त्यात एक सूचना : चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने केला. स्क्रीनवर विंडोज अपडेटसारखी एक खिडकी आली आणि बराच वेळ राहिली. ती खोटी होती. तिच्याआड फायली कुलूपबंद होत होत्या.

हा ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचा रॅन्समवेअर. मोठ्या कंपन्यांच्या नाही, घरगुती माणसांच्याच वाटेला जाणारा, आणि बहुतांशी क्रॅकमधून येणारा. प्रत्येक फोल्डरमध्ये तो एक ‘रीडमी’ टाकतो : ९८० डॉलर द्या, बहात्तर तासांत दिले तर ४९०. टास्क शेड्युलरमध्ये ‘टाइम ट्रिगर टास्क’ नावाची नोंद करतो, ती दर पाच मिनिटांनी त्याला पुन्हा चालवते. म्हणजे घाबरून बॅकअपची डिस्क लावली की तीही जाते. स्वतःच्या फोल्डरवर तो डिलीट करण्याची मनाई लावून ठेवतो, म्हणून ते फोल्डर उडत नाही आणि लोक म्हणतात, हा जातच नाही. परवानग्या बदलल्या की जातं. पण व्हायरस गेला म्हणून कुलूप उघडत नाही, त्या दोन गोष्टी वेगळ्या.

कुलूप उघडेल की नाही, हे किल्ली कुठून आली त्यावर ठरतं. लागण होताना त्याला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं तर प्रत्येक मशीनला वेगळी किल्ली मिळते, आणि ती बाहेर कुणाकडेच नसते. बोलता आलं नाही तर तो आतच असलेली ऑफलाइन किल्ली वापरतो, आणि तीच किल्ली अनेकांच्या मशीनला लागू होते. रीडमीमधल्या पर्सनल आयडीच्या शेवटी ‘टी१’ असेल तर ती ऑफलाइन. एम्सिसॉफ्टने ऑक्टोबर २०१९ मध्ये या व्हायरसच्या १४८ प्रकारांसाठी फुकट उपाय काढला, तो जुन्या प्रकारांना आणि पुढच्या काही ऑफलाइन किल्ल्यांना चालतो. मास्तरांच्या आयडीच्या शेवटी टी१ नव्हता.

तरी सगळं गेलं नाही. हा व्हायरस घाईत असतो, तो प्रत्येक फाइलीचे फक्त सुरुवातीचे सुमारे १५० केबी कुलूपबंद करतो. वर्डची पानं मुळात त्याहून लहान, ती पुरती गेली. पण रेकॉर्डिंग मोठी. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये १५० केबी म्हणजे साधारण साडेनऊ सेकंद. फाइलीच्या नावामागे चिकटवलेलं शेपूट काढलं, व्हीएलसीमध्ये लावलं. सुरुवातीला काही नाही, मग मध्येच बाईंचा आवाज सुरू झाला. मास्तर म्हणाले, "या शेवंताबाई. या आता नाहीत." प्रत्येक रेकॉर्डिंगमधली पहिली ओळ कुठे अर्धी, कुठे पूर्ण गेलेली, पुढचं सगळं शाबूत. ते पुन्हा टाइप करायला बसले आहेत.

नातवाला त्यांनी एका शब्दाने दुखावलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पण फुकटच्या सॉफ्टवेअरची ही किंमत पोरांना कुणीतरी आधी सांगायला हवी. ‘अँटिव्हायरस बंद करा’ हे वाक्य जिथे दिसेल तिथेच थांबायचं, एवढं एक जरी शिकवलं तरी पुष्कळ.

०

डीजेव्हीयू बहुतेक वेळा एकटा येत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅम बरोबर असतो. म्हणून मेल, बँक, सोशल मीडिया, सगळ्यांचे पासवर्ड बदलायचे, आणि ते फोनवरून किंवा दुसऱ्या मशीनवरून. आजारी कॉम्प्युटरवर बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तोही देऊन टाकणं. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर लगेच फोन.

०

अख्खा स्क्रीन भरून लाल सूचना, मोठा आवाज, आणि खाली फोन नंबर : ‘तुमचा कॉम्प्युटर ब्लॉक झाला आहे, लगेच कॉल करा.’ हा व्हायरसच नव्हे, ते एक वेबपान आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ऑल्ट आणि एफ४ दाबावं, नाही ऐकलं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. फोन करू नये. घरातल्या ज्येष्ठांना हे मुद्दाम सांगून ठेवावं, कारण फोन केला की पलीकडचा माणूस फार गोड बोलतो आणि मशीनचा ताबा मागतो.

०

१९८६ मध्ये आलेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवरचा पहिला व्हायरस मानतात. लाहोरच्या दोन भावांनी तो लिहिला, आणि फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबर घातला. इकडे पुण्यात आणखी दोन भाऊ. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर, आणि त्यांचे कॉम्प्युटर शिकणारे धाकटे भाऊ संजय. दुरुस्तीला येणारी मशीन व्हायरसने भरलेली असत, म्हणून संजय यांनी ते काढणारी साधनं लिहायला घेतली. त्यातून क्विक हील उभं राहिलं. समोर आलेल्या गिऱ्हाइकाचं बिघडलेलं मशीन हेच त्यांचं विद्यापीठ होतं. या कामाबद्दल मला जो आदर आहे, त्याचं एक कारण हे.

सरकारचीही सोय आहे. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केलं, तिथे साफसफाईची साधनं फुकट मिळतात. जिल्ह्याच्या गावापर्यंत ही बातमी अजून नीट पोचलेली नाही.

०

कधी थांबायचं? व्हिरुटची लागण असेल तर लगेच. त्याच्या लिखाणातच चुका आहेत, तो फायली अशा बिघडवतो की काही काही दुरुस्तच होत नाहीत. बाकी ठिकाणी, बाहेरून दोन वेगवेगळ्या साधनांनी साफ केल्यावरही लक्षणं परतली, तर आणखी स्कॅन करत बसू नये. डेटा काढून झालेला असतोच. स्वच्छ मशीनवर विंडोजचा इन्स्टॉल पेन ड्राइव्ह बनवावा, इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशन डिलीट करावीत, सी आणि डी दोन्ही, आणि कोऱ्या डिस्कवर सुरुवात करावी. खरा फॉरमॅट तो हा. ‘मदरबोर्डमध्येच व्हायरस आहे, बोर्ड बदला’ असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नयेत. तसे प्रकार आहेत, २०१८ मध्ये ‘लोजॅक्स’ सापडला, पण तो सरकारी कचेऱ्यांवरच्या हेरगिरीतला होता. तुमच्याआमच्या घरात तसलं काही सहसा कुणी पाठवत नाही.

नव्या विंडोजवर रोजच्या वापराला स्टँडर्ड अकाउंट ठेवावं, ॲडमिनचं वेगळं. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीन पेलत असेल तर ११ घ्यावी, पेलत नसेल तर लिनक्स टाकून बघावी. बँकेचं काम आधार संपलेल्या विंडोजवर करू नये.

०

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरचे फोटो, आईवडिलांचे आवाज, स्वतःचं लिखाण आज एकाच कॉम्प्युटरवर आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. या रविवारी एक बाहेरची हार्ड डिस्क आणा, सगळ्याची नक्कल तिच्यावर घ्या, दोनचार फायली उघडून खात्री करा, आणि काम झालं की तिची वायर कॉम्प्युटरमधून काढून ठेवा. लावून ठेवलेली डिस्क बॅकअप म्हणून धरू नका.